पगार घटला, हप्ते तेवढेच: मंदीत घरखर्च कोणत्या क्रमाने बसवायचा

ओव्हरटाइम बंद होतो, इन्सेंटिव्ह थांबतो, दुकानातली विक्री अर्ध्यावर येते, आणि घरात पहिलं वाक्य निघतं, "आता जरा जपून." मग दूध अर्ध्या लिटरने कमी होतं, मुलीचा क्लास बंद होतो, भाजीवालीशी पाच रुपयांवरून घासाघीस होते. त्याच महिन्यात क्रेडिट कार्डाचं नुसतं 'मिनिमम ड्यू' भरलं जातं आणि ५ तारखेचा हप्ता बाउन्स होऊन दंड बसतो. लोक काटकसर करत नाहीत असं अजिबात नाही. फक्त ती चुकीच्या टोकाकडून सुरू करतात. लहान खर्च आधी कापतात आणि मोठ्या आकड्यांना हात लावायला तीन महिने घालवतात. तोवर हातातली रोकड संपलेली असते आणि बँकेशी बोलायची चांगली वेळही निघून गेलेली असते.

म्हणून या लेखात सगळा भर क्रमावर आहे. तो पगारदार, कर्जाचे हप्ते असलेल्या घरासाठी लिहिला आहे. शेतीवरच्या घराचं पैशाचं वेळापत्रकच वेगळं असतं, त्याला हा साचा बसणार नाही.

आकडे समजायला सोपं जावं म्हणून एक नमुन्याचं घर धरू. नवरा चाकणच्या कारखान्यात. ओव्हरटाइम धरून हातात ४६,००० येत होते, आता ३४,००० येतात. बायको घरी शिवणकाम करते, महिन्याला ४,००० ते ९,००० सुटतात. दोन मुलं, सोबत आई. घरकर्ज, दुचाकीचं कर्ज आणि कार्डावर ४८,००० थकलेले.

## तयारी: कागद आधी, चर्चा नंतर

एक सुट्टीची दुपार काढा. पुढचे कागद समोर असल्याशिवाय चर्चेला बसू नका, नाहीतर ती अर्ध्या तासात "तुझाच खर्च जास्त"वर येते.

१. सगळ्या खात्यांचं गेल्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट. यूपीआयचे व्यवहार त्यातच दिसतात. तीन महिन्यांचं पुरत नाही. शाळेची फी, विमा, गाडीचं सर्व्हिसिंग असे अवजड खर्च निसटतात.

२. प्रत्येक कर्जाची बाकी रक्कम, व्याजदर, उरलेले महिने आणि हप्त्याची तारीख. बहुतेकांना हप्ता तोंडपाठ असतो, व्याजदर नसतो. पुढचे सगळे निर्णय मात्र व्याजदरावर होणार आहेत.

३. विम्याच्या पॉलिसी, पीएफचं पासबुक, एफडीच्या पावत्या, पगाराच्या शेवटच्या तीन स्लिपा.

४. एक साधी वही. मोबाइल ॲप चालेल, पण घरातल्या प्रत्येकाला उघडता येईल अशी गोष्ट हवी. आईला ॲप दाखवून उपयोग नाही.

नवरा-बायको दोघंही बसा. आठवी-नववीच्या पुढची मुलं असतील तर त्यांनाही बसवा. मुलांपासून लपवलेली तंगी त्यांना कळतेच. फक्त अर्धवट कळते आणि मग ती जास्त घाबरतात.

## टप्पा १: उत्पन्न सगळ्यात वाईट महिन्याचं धरा

इथे सरासरी काढायची नाही. गेल्या सहा महिन्यांतला सगळ्यात कमी आकडा घ्यायचा. ओव्हरटाइम शून्य, बोनस शून्य, "पुढच्या महिन्यात देतो" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडचे पैसे शून्य. आपल्या घरात हा आकडा येतो ३४,००० अधिक शिवणकामाचे ४,०००, म्हणजे ३८,०००. शिवणकामाचे एखाद्या महिन्यात ९,००० आले तर वरचे ५,००० वेगळे ठेवायचे, ते बजेटमध्ये मोजायचे नाहीत.

कंपनीने रीतसर ले-ऑफ, म्हणजे नोकरी ठेवून काही दिवस काम न देणं, जाहीर केला असेल तर, कायद्यात बसणाऱ्या कामगाराला ले-ऑफच्या दिवसांसाठी मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या ५० टक्के भरपाई मिळते. पूर्ण पगाराच्या ५० टक्के नव्हे. घरभाडं भत्ता आणि बाकीचे भत्ते त्यात येत नाहीत, म्हणून स्लिपवर 'बेसिक' किती आहे ते आधी बघा. कित्येक स्लिपांवर ते निम्मंही नसतं.

तपासा: पगार कोणत्या तारखेला जमा होतो आणि हप्ते कोणत्या तारखेला कापले जातात? पगार ७ ला आणि हप्ता ५ ला असेल, तर आधीच्या महिन्यातली शिल्लक हप्त्याला कमी पडली त्याच महिन्यात बाउन्स ठरलेला. बाउन्सचा दंड बँकही लावते आणि कर्ज देणारी कंपनीही. हप्त्याची तारीख बदलून मागणारा अर्ज आजच द्या. बदल व्हायला एखादा महिना जातो.

## टप्पा २: किती महिने तग धरू शकता ते काढा

ही पायरी लोक सरळ गाळतात. हातात मोडता येण्याजोगी रोकड किती आणि ती किती महिने पुरेल, हे कळल्याशिवाय काय कापायचं आणि किती घाईने कापायचं ते ठरत नाही.

रोकड म्हणजे बचत खातं, एफडी आणि चार दिवसांत खात्यावर येतील असे पैसे. सोनं यात धरू नका, पीएफ धरू नका, न लागलेली भिशी धरू नका. मेहुण्याला दिलेले हातउसने तर मुळीच धरू नका.

नमुन्याच्या घरात खात्यावर २२,००० आणि एफडीत ९०,००० आहेत, एकूण १,१२,०००. आता महिन्याचा अटळ खर्च मांडा. घराचा हप्ता १३,५००. किराणा, दूध, भाजी, गॅस मिळून ११,५००. वीज, पाणी, सोसायटी ३,०००. शाळेच्या वर्षभराच्या फीला बाराने भागून ३,०००. आईची औषधं १,५००. कामावर येणं-जाणं २,०००. मोबाइल आणि इंटरनेट ८००. विम्याचे वार्षिक हप्ते बाराने भागून २,०००. दुचाकीचा हप्ता ३,२००. बेरीज ४०,५००.

उत्पन्न ३८,०००, म्हणजे दर महिन्याला २,५०० ची खोट. कार्डाचं व्याज अजून यात धरलेलंच नाही. भाजीत कितीही घासाघीस केली तरी ही खोट भरून निघत नाही. ती हप्त्यांत आहे, तिथेच शोधायची.

इशारा: रोकड कुठे ठेवली आहे तेही बघा. बँकेतल्या ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत व्याजासह ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे आणि त्यात सहकारी बँकाही येतात. पतसंस्था येत नाहीत. गल्लीतल्या पतसंस्थेत एक-दीड टक्का जास्त मिळतो म्हणून संकटकाळासाठीचे सगळे पैसे तिथे ठेवणं हा मंदीतला सगळ्यात महागडा लोभ. बँकेतही अडकतातच. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदारांना जेमतेम १,००० रुपये काढता येत होते. म्हणून निदान दोन महिन्यांचा खर्च दुसऱ्या एखाद्या मोठ्या बँकेत असू द्या.

## टप्पा ३: कर्जं, व्याजदराच्या उतरत्या क्रमाने

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

### क्रेडिट कार्ड पहिलं

कार्डाचं व्याज महिन्याला ३.५ टक्के धरू, म्हणजे वर्षाला ४२. थकलेल्या ४८,००० वर महिन्याचं व्याज १,६८०, त्यावर १८ टक्के जीएसटी ३०२. मिळून जवळजवळ २,०००. 'मिनिमम ड्यू' ५ टक्क्यांनी २,४०० होतं. तुम्ही २,४०० भरता आणि मूळ रकमेतून ४२० च्या आसपास कमी होतात. वर, बाकी थकलेली असताना नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. कार्डाने भरलेल्या किराण्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चालू.

दुसरीकडे एफडीवर ६.५ टक्के मिळत असतील, तर ४८,००० चं महिन्याचं व्याज २६० रुपये. मग एफडी मोडून कार्ड फेडायचं. यात भावनेला जागा नाही. महिन्याला १,७०० रुपये इथेच वाचतात. दूध अर्धं करून एवढे वाचत नाहीत. रोकड १,१२,००० वरून ६४,००० वर येते हे खरं, आणि तेवढं जिवावर येतं म्हणूनच लोक हे टाळतात. मोडताना पूर्ण एफडी मोडावी लागते की काही भाग, ते बँकेत विचारा. बऱ्याच बँका अर्धवट मोडू देतात.

कार्ड फेडलं की ते पाकिटातून काढून ठेवा आणि मोबाइलमध्ये जिथे जिथे जोडलेलं आहे तिथून काढा. 'ऑटोपे'ची यादी यूपीआय ॲपमध्ये वेगळी असते, तीही उघडा. विसरलेली दोन-तीन सबस्क्रिप्शनं बहुतेकांना सापडतात.

तपासा: आता तग धरण्याचे महिने पुन्हा मोजा, आणि दोनदा. पगार घटलेलाच राहिला तर २,५०० च्या खोटीने ६४,००० दोन वर्षांहून जास्त पुरतात. पगार पूर्ण थांबला तर खोट ३६,५०० होते आणि तेच पैसे पावणेदोन महिन्यांत संपतात. तुमच्या कंपनीत दुसरी शक्यता खरी वाटत असेल, तर पुढचे टप्पे या आठवड्यातच उरका.

### घरकर्ज: हप्ता चुकायच्या आधी बँकेत जा

एकही हप्ता न चुकवलेला माणूस बँकेत जाऊन "पगार घटला आहे" म्हणतो तेव्हा त्याच्याशी वेगळ्या सुरात बोलतात. ९० दिवस थकलं की खातं अनुत्पादक ठरतं आणि पुढे ६० दिवसांची जप्तीपूर्व नोटीस येऊ शकते. त्या टप्प्यावर मागायला काही उरत नाही.

मागायचं काय? मुदत वाढवून हप्ता कमी. समजा १२ लाख बाकी आहेत, दर ९ टक्के, आणि १३,५०० च्या हप्त्याने साधारण सव्वाबारा वर्षं उरली आहेत. मुदत २० वर्षांवर नेली तर हप्ता १०,८०० च्या आसपास येतो. महिन्याला २,७०० सुटतात आणि आपल्या घराची खोट तिथेच भरून निघते. किंमत मात्र बघून घ्या. शेवटपर्यंत तोच कमी हप्ता भरत राहिलात, तर एकूण ६ लाखांच्या आसपास जास्त जातात. म्हणून हे तात्पुरतं समजायचं. पगार वाढला की हप्ता पूर्ववत करायचा. वैयक्तिक फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या घरकर्जाला मुदतपूर्व परतफेडीचा दंड लागत नाही. आर्थिक अडचणीमुळे केलेली अशी पुनर्रचना तुमच्या क्रेडिट अहवालात दिसू शकते, हेही शाखेत आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

हप्त्याला नुसती स्थगिती मिळाली तर हुरळून जाऊ नका. मार्च ते ऑगस्ट २०२० च्या स्थगितीत अनेकांनी ती माफी समजून पैसे खर्च केले. व्याज चालूच होतं; ते बाकीत मिसळलं आणि हप्ते वाढले.

### दुचाकी, वैयक्तिक कर्ज, सोनंतारण

दुचाकीचे चार-सहा हप्ते उरले असतील तर ओढून न्या. दोन वर्षं उरली असतील आणि घरात दुसरं वाहन असेल, तर विकून कर्ज मिटवण्याचा हिशेब करून बघा. गाडीची किंमत बाकीपेक्षा जास्त आली पाहिजे.

अडीअडचणीला सोनंतारण हे वैयक्तिक कर्जापेक्षा बहुधा स्वस्त पडतं. पण ते ठरावीक कामासाठी आणि फेडीची तारीख डोळ्यांसमोर ठेवून घ्या. महिन्याची खोट भरायला दर महिन्याला एकेक दागिना गहाण पडायला लागला, तर मुदत संपल्यावर सोन्याचा लिलाव होतो आणि खोट तशीच राहते.

इशारा: पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप्स आणि बिनपरवाना सावकार, दोघांपासून लांब. ॲप तुमचे संपर्क किंवा फोटो बघण्याची परवानगी मागत असेल तर तिथेच थांबा. नियमाप्रमाणे कर्जाची रक्कम थेट तुमच्या खात्यात यायला हवी आणि एकूण खर्च दाखवणारं पत्रक आधी मिळायला हवं. महाराष्ट्रात सावकारीला परवाना लागतो; तो दाखवत नसेल त्याला कोरा धनादेश किंवा सही केलेला स्टॅम्पपेपर देऊ नका. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. ऑनलाइन फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवा.

## टप्पा ४: विमा आणि बचत, काय थांबवायचं आणि काय मोडायचं नाही

पैसे कमी पडले की आरोग्य विमा आधी सुटतो, कारण "गेल्या वर्षी वापरलाच नाही". घरातलं एक आजारपण सगळं बजेट संपवतं, म्हणून हा विमा यादीत किराण्याच्या शेजारी ठेवा. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलतीची मुदत असते. त्यात नूतनीकरण केलं तर जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जात नाही. मात्र त्या मधल्या दिवसांत दवाखान्याचा खर्च मिळेल असं गृहीत धरू नका. टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा विमा, तोही चालू ठेवा.

बाकीच्या बचतीचं असं करा. एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला जाणारी ठरावीक रक्कम, थांबवता येते, म्युच्युअल फंड त्याला दंड लावत नाही. पण खात्यात पैसे नसताना ती तशीच कापायला येऊ दिली तर बँक दंड लावते, म्हणून रीतसर बंद करा. पीपीएफ जिवंत ठेवायला वर्षाला ५०० पुरतात, सुकन्या समृद्धीला २५०. या दोन्ही खात्यांत मंदीच्या वर्षी तेवढेच भरा, अपराधी वाटून घेऊ नका. जुन्या बचत-विमा पॉलिसीचे हप्ते झेपत नसतील तर सरेंडर करण्याआधी 'पेड-अप' करून मिळते का विचारा. पुढचे हप्ते थांबतात आणि पॉलिसी कमी रकमेची होऊन चालू राहते.

पीएफला शेवटी हात लावा. पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो. काढण्याचे नियम बदलण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२५ मध्ये झाला आहे, म्हणून जुन्या व्हिडिओंवर विसंबू नका. ईपीएफओच्या संकेतस्थळावर त्या दिवशीचा नियम वाचा.

## टप्पा ५: आता स्वयंपाकघर

आत्ता कुठे किराण्याची पाळी. इथे बचत होते, पण हळूहळू होते आणि रोजचं लक्ष मागते.

महिन्याचे ११,५०० एकदम वापरू नका. त्यातून गॅस आणि दुधाचे पैसे बाजूला काढा, उरलेल्याचे पाच भाग करा. चार नाही, पाच. कारण महिना अठ्ठावीस दिवसांचा नसतो, आणि शेवटच्या दोन-तीन दिवसांत होणारी उधारी याच चुकीतून येते. प्रत्येक भाग रोख काढून पाकिटात ठेवा. आठवड्याचं पाकीट संपलं की पुढच्या पाकिटाला हात नाही. घरात आहे त्यात भागवायचं.

वाणसामानाची यादी घरी करा, डबे उघडून करा. दुकानात उभं राहून केलेल्या यादीत साखर दोनदा येते आणि हळद राहून जाते. तेल, चहा, डिटर्जंट यांची पाकिटं सारखी दिसतात पण वजन सारखं नसतं. किमतीला ग्रॅमने भागून बघा. तूरडाळ महाग असेल तेव्हा निम्मी मसूर किंवा मूग मिसळलेली आमटी कोणी नाकारत नाही. हुलग्याचं पिठलं आठवड्यातून एकदा येऊ द्या. कापायचं ते फरसाण, बिस्किटांचे पुडे, थंड पेयं, बाहेरून मागवलेलं जेवण. मुलांचं दूध, डाळी आणि अंडी खात असाल तर अंडी, यांना हात लावू नका.

उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायची पद्धत अनेक घरांत आहे. एरवी ती फायद्याची असते. पण रोकड दोन महिन्यांचीच उरली असेल तर आठ-दहा हजार गव्हात अडकवू नका. तीन महिन्यांचा भरा. पोतं दवाखान्यात चालत नाही.

रेशनकार्ड कपाटात पडून असेल तर बाहेर काढा. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मोफत मिळतं. ई-केवायसी झालेली नसेल तर ती आधी करा. तुमचं कार्ड या गटात बसत नसलं तरी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी ते जपून ठेवा. त्या योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे, ठरवून दिलेले उपचार संलग्न रुग्णालयांत होतात. आईच्या नेहमीच्या औषधांसाठी डॉक्टरांकडून औषधातल्या घटकाचं नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात भाव विचारा. रक्तदाब, मधुमेहाच्या गोळ्यांत फरक चांगलाच जाणवतो.

विजेबद्दल एक गैरसमज. महावितरणच्या बिलात १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० असे टप्पे असतात. ३०१ वं युनिट पडलं की सगळं बिल वरच्या दराने लागतं असं नाही. फक्त वरच्या युनिटांना वरचा दर लागतो. म्हणून महिनाअखेरीला अंधारात बसण्यापेक्षा रोजचा गिझर बघा. २,००० वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट गेलं. चौघांनी एकापाठोपाठ अंघोळी उरकल्या तर त्याला पुन्हा पुन्हा तापावं लागत नाही.

तपासा: दर रविवारी दहा मिनिटं वही उघडा. किती ठरलं होतं, किती गेलं, एवढंच. कोणी खर्च केला हा प्रश्न त्या दहा मिनिटांत विचारायचा नाही, नाहीतर तिसऱ्या रविवारी वही उघडतच नाही.

## टप्पा ६: शाळा, सण, नातेवाईक

फी थकवण्याआधी शाळेला लेखी अर्ज देऊन हप्ते मागा. क्लास बंद करायचाच असेल तर कोणता, ते मुलांना विचारून ठरवा.

लग्नसराईत आहेराचा आकडा वर्षाच्या सुरुवातीला ठरवा आणि तो संपला की संपला. भिशी आधीच उचलली असेल तर उरलेले हप्ते हे कर्जच आहे, ते अटळ खर्चात लिहा. नातेवाइकाच्या कर्जाला जामीन राहायची विनंती याच काळात येते. "सध्या आमचंच बँकेत बोलणं चालू आहे" हे खरं उत्तर आहे आणि पुरेसंही.

## टप्पा ७: नोकरीच गेली तर पहिल्या आठवड्यात काय करायचं

पहिली गोष्ट, सही. "राजीनामा दिलात तर रेकॉर्ड चांगलं राहील" असं सांगून कागद पुढे केला जातो. कामगार कपातीत कायद्याने मिळणारी भरपाई, म्हणजे पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, ही कंपनीने काढल्यावर मिळते. स्वतःहून राजीनामा दिल्यावर नाही. कागद घरी न्या, एक दिवस मागा, युनियन असेल तर तिथे, नसेल तर कामगार आयुक्त कार्यालयात विचारा. कंपनी जास्तीचं पॅकेज देत असेल तर राजीनामा फायद्याचाही ठरू शकतो, पण आकडा लेखी आल्यावर.

मग हिशेब. उरलेला पगार, शिल्लक रजेचे पैसे आणि ग्रॅच्युइटी. कायम कामगाराची पाच वर्षं झाली असतील तर शेवटचा बेसिक अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. बेसिक आणि भत्ता मिळून १८,००० आणि आठ वर्षं असतील तर ८३,००० च्या आसपास. स्वतः आधी काढून बघा, म्हणजे कंपनीचा आकडा चुकला तर कळेल.

ईएसआयसीत, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत असाल, म्हणजेच पगार २१,००० च्या आत असेल, तर बेरोजगारीच्या काळासाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. सरासरी रोजच्या वेतनाच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून सध्याची स्थिती शाखेत विचारा.

कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे नोकरीचा शेवटचा दिवस यायच्या आत विचारा. नंतर मधला खंड मोजला जातो.

इशारा: भरपाईची रक्कम हातात आली की "यातून काहीतरी धंदा टाकू" असं कोणीतरी सुचवतं. सहा महिन्यांचा अटळ खर्च बाजूला काढून उरेल तेवढ्याचाच विचार करा. आपल्या घरासाठी ते ४०,५०० गुणिले सहा, म्हणजे २,४३,०००. ८३,००० च्या ग्रॅच्युइटीतून धंदा उभा राहत नाही.

## टप्पा ८: पगार परत आला की आधी काय

इथेही क्रम चुकतो. ओव्हरटाइम सुरू झाल्याच्या आनंदात पहिल्याच महिन्यात नवा मोबाइल हप्त्यावर येतो. आधी उधारी आणि हातउसने फेडा, किराणा दुकानातलं खातं बंद करा. मग मोडलेली एफडी भरून काढा, निदान तीन महिन्यांच्या खर्चाएवढी. त्यानंतर घरकर्जाचा हप्ता पूर्ववत करायला बँकेत अर्ज द्या. हे आपोआप होत नाही, तुम्ही मागितल्याशिवाय २० वर्षांची मुदत २० वर्षंच राहते. एसआयपी आणि पीपीएफ त्याच्या मागून. मुलीचा क्लास मात्र पहिल्याच महिन्यात सुरू करा, त्याला रांगेत उभं करू नका.